श्वास आत ओढायचा, फुंकायचा नाही

शेणव्याच्या वस्तीत रविवारी वंदना झाली की विहाराच्या ओट्यावर अर्धा-पाऊण तास आरोग्याच्या गोष्टी निघतात. कोणाची साखर वाढलेली असते, कोणाच्या बीपीच्या गोळ्या संपलेल्या असतात, कोणी शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयातून मिळालेला कागद वाचून घ्यायला येते. अशाच एका रविवारी वस्तीतल्या एका काकांनी पिशवीतून प्लॅस्टिकचे एक यंत्र काढून आमच्यापुढे ठेवले. तीन उभ्या नळकांड्या, प्रत्येकीत एक रंगीत गोळी आणि बाजूला तोंडात धरायची लवचिक नळी.

"दादा, ह्या गोल्या वर जातच नाहीत. बिघाडलंय का बघा जरा."

काकांना जठराचा कॅन्सर. मुंबईच्या एका रुग्णालयात केमो सुरू होती आणि पाच आठवड्यांनी ऑपरेशन ठरले होते. तिथेच हे यंत्र घ्यायला सांगितले होते. आम्ही म्हटले, करून दाखवा. काकांनी नळी तोंडात धरली, गाल फुगवले आणि चुलीत फुंकणीने फुंकावे तसे जोर लावून फुंकले. गोळ्या जागच्या हलल्या नाहीत. काकांच्या डोळ्यांपुढे मात्र अंधारी आली आणि ते ओट्याला टेकले. गेले पंधरा दिवस सकाळ-संध्याकाळ हेच चालले होते.

आम्ही म्हटले, "काका, फुंकू नका. शहाळ्याचं पाणी नळीनं ओढतो ना, तसं हळूहळू आत ओढा." त्यांनी ओढले. पहिली गोळी टुणकन वर गेली. काका हसले आणि हसता हसता खोकायला लागले. सूनबाई म्हणाल्या, डब्यावरचे सगळे इंग्रजीत होते, आणि रुग्णालयात एवढी गर्दी होती की सांगणाऱ्याने एका मिनिटात सांगितले, आम्ही मान हलवली आणि निघालो.

ही चूक एकट्या काकांची नाही. त्यानंतर आम्ही मुद्दाम विचारत गेलो, तेव्हा शेणवा, किन्हवली, मुरबाडकडच्या आणखी काही घरांत हेच यंत्र सापडले. कुठे फळीवर धूळ खात, कुठे पोरांच्या खेळण्यांत. ज्यांनी वापरले त्यांतल्या बऱ्याच जणांनी फुंकूनच वापरले होते. म्हणून यावेळचे आरोग्याचे पान आम्ही श्वासाच्या स्नायूंना देत आहोत.

श्वास फुफ्फुसे घेतात असे आपण म्हणतो. खरे तर फुफ्फुसांना स्वतःचे बळ नाही. लोहाराचा भाता आठवा. भाता आपोआप हवा ओढत नाही, त्याला हात लागतो. आपल्या छातीच्या भात्याचा हात म्हणजे छाती आणि पोट यांच्या मधला घुमटासारखा मांसल पडदा, त्याला श्वासपटल म्हणतात. आपण श्वास घेतो तेव्हा हा पडदा खाली सरकतो, फासळ्यांमधले छोटे स्नायू फासळ्या वर उचलतात, छाती रुंदावते आणि हवा आत येते. श्वास सोडताना फारसे काम नसते, ताणलेला भाता आपोआप मिटतो. म्हणजे शांत श्वासात कष्टाचे काम फक्त आत घेण्याचे आहे. आता काकांची चूक कुठे झाली ते कळेल. फुंकताना पोटाचे आणि गालांचे स्नायू दमतात, श्वास आत ओढणाऱ्या पडद्याला त्याचा काही व्यायाम होत नाही. फुगे फुगवायला सांगणारेही पुष्कळ भेटतात, त्याचेही तेच.

कॅन्सरमध्ये या स्नायूंवर चारही बाजूंनी मारा होतो. भूक जाते, वजन उतरते आणि शरीर आपलेच मांस खाऊ लागते. दंड-मांड्या बारीक झालेल्या आपल्याला दिसतात, आतला पडदा बारीक झालेला दिसत नाही. केमोने थकवा येतो. काहींना स्टिरॉइडच्या गोळ्या असतात, त्या फार दिवस चालल्या तर स्नायू सैल पडतात. छातीवर रेडिएशन, म्हणजे आपल्याकडे ज्याला लाईट देणे म्हणतात ते, घेतले असेल तर फुफ्फुस ताठर होऊ शकते. आणि या सगळ्यावर आपली माया. घरात कॅन्सर आला की आपण माणसाला खाटेवर निजवतो. उठू नको, पाणी जागेवर देते, अंघोळ उद्या कर. आमच्या स्वतःच्या घरात मावशीच्या बाबतीत आम्ही हेच केले. दोन महिन्यांत ती अशी झाली की उंबरठा ओलांडला तरी धाप लागायची, आणि आम्ही म्हणायचो, आजार वाढला. आजार वाढला होता की नाही ठाऊक नाही, पण माणूस निजून निजून गळाला होता हे नक्की. तेव्हा हे सांगणारे आम्हाला कोणी भेटले नाही.

मोठे ऑपरेशन असेल तर याचा हिशेब लगेच द्यावा लागतो. जठर, अन्ननलिका, यकृत, फुफ्फुस यांच्या ऑपरेशनमध्ये चीर पडद्याच्या अगदी जवळ असते. शुद्धीवर आल्यावर दुखते म्हणून माणूस वरवर, उथळ श्वास घेतो. खोकायला घाबरतो. मग फुफ्फुसाचा खालचा भाग मिटून जातो, कफ साचतो, ताप येतो आणि न्यूमोनिया होतो. गाठ तर नीट निघाली, पण न्यूमोनियाने मुक्काम वाढला, पुन्हा आयसीयूत न्यावे लागले, असे वस्तीत ऐकतो ते बहुतेक वेळा हे असते. ज्याचे श्वासाचे स्नायू आधीच दमलेले, त्याला हा धोका जास्त.

चांगली गोष्ट ही की पडदासुद्धा स्नायूच आहे. काम दिले की तो वाढतो. आमच्या शहापूर तालुक्यातून भातसा, तानसा, वैतरणेचे पाणी मुंबईला जाते आणि उन्हाळ्यात इथल्याच बाया टँकरमागे हंडे घेऊन धावतात, हे दुखणे वेगळे. पण त्याच बायांना विचारा. सासरी आल्यावर पहिल्या महिन्यात एक हंडा जड होतो, पुढे दोन हंडे आणि वर एक कळशी घेऊन चढ चढतात. भार हळूहळू वाढला, स्नायू तयार झाला. श्वासाच्या स्नायूंच्या व्यायामाचे तत्त्व एवढेच आहे. आत येणाऱ्या हवेला थोडा अडथळा करायचा आणि त्याविरुद्ध श्वास ओढायचा.

यासाठी वेगळे यंत्र मिळते. ते तीन गोळ्यांचे नव्हे. त्यात एक स्प्रिंग असलेली झडप असते. ठरावीक जोर लावल्याशिवाय झडप उघडत नाही, म्हणजे प्रत्येक श्वासाला भार नेमका तेवढाच पडतो. आधी रुग्णाची जास्तीत जास्त ओढ किती ते मोजतात. हे माप पाण्याच्या सेंटिमीटरमध्ये असते. धडधाकट तरुण पुरुषाची ओढ १०० सेंटिमीटरच्या आसपास किंवा त्याहून जास्त भरते, ६० च्या खाली गेली तर स्नायू कमकुवत झाले असे बहुधा धरतात. सुरुवात साधारण ३० टक्के भाराने करतात. कोणाची ओढ ५० भरली, तर पहिला भार १५. त्यावर ३० श्वास सकाळी, ३० संध्याकाळी, मध्ये मध्ये थांबून. सोपे वाटू लागले की दर आठवड्याला भार थोडा वाढवायचा. ऑपरेशनआधी निदान दोन आठवडे मिळावेत, आणि केमोच्या काळात दम वाढावा म्हणून करायचे असेल तर चार ते आठ आठवडे धरावेत. भार किती ठेवायचा हे व्यायामाच्या डॉक्टरांनी, म्हणजे फिजिओथेरपिस्टनी, ठरवायचे असते. शेजाऱ्याचा आकडा आपल्याला चालत नाही.

तीन गोळ्यांचे यंत्र काही शे रुपयांत मिळते म्हणून ते सगळ्यांच्या हाती येते. त्यात असा ठरलेला भार नसतो. किती वेगाने हवा आत गेली ते गोळी वर जाऊन दाखवते, म्हणजे ते खोल श्वासाची आठवण करून देणारे यंत्र आहे. जोरात हिसका देऊन तिन्ही गोळ्या वर उडवण्यात पोरांना मजा वाटते, पण उपयोग हळू आणि लांब ओढण्यात आहे. एक-दोन गोळ्या वर नेऊन दोन-तीन सेकंद तशाच धरून ठेवता आल्या, तर ते चांगले.

या व्यायामाने खरेच किती फरक पडतो? इथे आम्ही वाढवून सांगणार नाही. हृदयाच्या आणि पोटाच्या मोठ्या ऑपरेशनआधी श्वासाच्या स्नायूंना व्यायाम दिलेल्या रुग्णांवरचे अनेक अभ्यास २०१५ मध्ये कॉक्रेन या संस्थेच्या अहवालात एकत्र तपासले गेले. त्यात न्यूमोनिया आणि फुफ्फुस मिटण्याचे प्रकार कमी दिसले. पण २०१८ मध्ये युरोपातल्या अन्ननलिकेच्या कॅन्सरच्या दोनशेहून जास्त रुग्णांवरचा अभ्यास छापून आला. त्यात ऑपरेशनआधी यंत्राने व्यायाम केलेल्यांचे स्नायू बळकट झाले, न्यूमोनिया मात्र कमी झाला नाही. म्हणजे यंत्र आणले की काम झाले, असे नाही.

आम्हाला सर्वांत मोलाचा वाटला तो तिसरा अभ्यास, कारण त्यात यंत्रच नाही. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये पोटाच्या वरच्या भागाचे मोठे ऑपरेशन होणार असलेल्या ४४१ जणांचे दोन गट केले. त्यांतले बरेचसे कॅन्सरचेच रुग्ण होते. माहितीची पुस्तिका सगळ्यांना दिली. एका गटाला तेवढीच. दुसऱ्या गटाला त्याशिवाय ऑपरेशनच्या आधी एकदाच अर्धा तास फिजिओथेरपिस्टनी समोर बसवून समजावले की ऑपरेशननंतर न्यूमोनिया का होतो, आणि शुद्धीवर आल्याबरोबर दर तासाला खोल श्वास कसे घ्यायचे ते करून घेतले. पुस्तिका मिळालेल्या गटात शंभरातल्या २७ जणांना फुफ्फुसाचा त्रास झाला, अर्धा तास मिळालेल्या गटात १२ जणांना. २०१८ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये हे छापून आले. अर्धा तास, तोही आधी, आणि माणसाच्या भाषेत. आमच्या काकांना नेमके तेवढेच मिळाले नव्हते.

हा अर्धा तास मागून घ्यायचा असतो. मुंबईच्या मोठ्या सरकारी आणि महापालिकेच्या रुग्णालयांत फिजिओथेरपीचा विभाग असतो. परळचे केईएम घ्या. भारतातली फिजिओथेरपीची पहिली शाळा १९५० च्या दशकात, पोलिओच्या साथींच्या काळात, तिथे सुरू झाली. त्याच परळमध्ये टाटा रुग्णालय आहे. १९४१ पासून देशभरातले कॅन्सरचे रुग्ण तिथे येतात, आपल्या शहापूर-मुरबाडचेही जातात. ऑपरेशनची तारीख मिळाली की डॉक्टरांना सरळ विचारा, "ऑपरेशनच्या आधी श्वासाचे व्यायाम शिकायला आम्हाला फिजिओथेरपीला पाठवाल का?" चिठ्ठी मिळाली की त्याच फेरीत जाऊन या. सोबत घरातले असे माणूस न्या ज्याला दाखवलेले लक्षात राहते. शिकवणाऱ्यांसमोर एकदा स्वतः करून दाखवा आणि त्यांनी परवानगी दिली तर मोबाईलवर त्याचा व्हिडिओ काढून ठेवा. मान हलवून परत येऊ नका. गर्दीपुढे आपण संकोचतो, इंग्रजी ऐकले की आपल्यालाच कळत नसेल असे वाटते. पण विचारणे हा आपला हक्क आहे.

जाण्या-येण्याचेही सांगतो, कारण श्वास अपुरा असलेल्या माणसाचा अर्धा जीव प्रवासातच जातो. शेणव्याहून शहापूर, शहापूरहून आसनगाव आणि तिथून दादरपर्यंत लोकल. अपंगांसाठी राखलेल्या डब्यात कॅन्सरच्या रुग्णांनाही बसता येते हे अनेकांना माहीत नसते, ते धक्के खात जनरल डब्यातून जातात. रुग्णालयाची फाईल आणि कार्ड वर काढून ठेवा. लांबच्या रेल्वे प्रवासात आणि एसटीतही कॅन्सरच्या रुग्णांना सवलत आहे, रेल्वेसाठी रुग्णालयाकडून ठरलेल्या नमुन्यातला दाखला घ्यावा लागतो. मुक्काम करायची वेळ आली तर दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा कॅन्सरच्या रुग्णांसाठीच चालते. ऑपरेशनचा खर्च महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतो का, ते आधी १५५३८८ या क्रमांकावर विचारून घ्या. दागिना मोडायचा विचार त्यानंतर.

आता घरी काय करता येईल ते. पाठ टेकून ताठ बसा, खाटेवर आडवे पडून नको. एक हात छातीवर, एक पोटावर ठेवा. नाकाने हळू श्वास घ्या, असा की पोटावरचा हात पुढे यावा आणि छातीवरचा फारसा हलू नये. आत दोन-तीन सेकंद धरा आणि ओठांचा चंबू करून सावकाश सोडा. असे दहा श्वास, थोडे थांबून पुन्हा दहा. घाई केली तर चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात. तसे झाले की थांबायचे, नेहमीसारखा श्वास घ्यायचा. ऑपरेशनच्या आधी हे दिवसातून चार-पाच वेळा, आणि ऑपरेशननंतर जागे असताना दर तासाला. यात स्प्रिंगच्या यंत्राएवढा भार नाही, पण फुफ्फुसाचा तळ उघडतो, आणि अभ्यासातल्या त्या अर्ध्या तासात मुख्यतः हेच शिकवले होते.

खोकला दाबू नका. ऑपरेशननंतर खोकण्याआधी चादरीची जाड घडी किंवा उशी टाक्यांवर दोन्ही हातांनी घट्ट धरायची, खोल श्वास घ्यायचा, तोंड उघडे ठेवून आरशावर वाफ धरतो तसा "हाऽ" करून जोरात श्वास सोडायचा. दोन-तीनदा केले की कफ वर येतो, मग खोका. टाके तुटतील ही भीती सगळ्यांना वाटते. धरून खोकले तर ते सहसा तुटत नाहीत. आत साचलेला कफ त्याहून वाईट. दुखणे फार असेल तर दुखण्याची गोळी मागून घ्या. दुखते म्हणून श्वास आखडणे आणि सोसत राहणे यात काही मोठेपणा नाही.

आणि चाला. डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर घर ते विहार, विहार ते घर. चालताना बोलता आले पाहिजे. बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही, इतपत दम लागला तर तो वेग बरोबर.

आपल्या वस्त्यांत सर्वांत जास्त दिसतो तो तोंडाचा कॅन्सर. मशेरी, तंबाखू, गुटखा. या रुग्णांची अडचण वेगळी असते. गालाचे ऑपरेशन झाले किंवा तोंड दोन बोटेही उघडत नसले, तर नळीभोवती ओठ मिटत नाहीत आणि हवा बाजूने जाते. अशांसाठी नळीऐवजी मास्क लावून व्यायाम देता येतो. गळ्याला छिद्र केले असेल तर पद्धत आणखी वेगळी. दोन्ही प्रकारांत घरच्या घरी प्रयोग करू नका, फिजिओथेरपिस्टकडेच जा. स्तनाच्या कॅन्सरच्या बहिणींनाही हे लागू आहे. ऑपरेशन आणि लाईटनंतर छातीची एक बाजू आखडते, खांदा उचलत नाही आणि श्वासही त्या बाजूला अर्धाच जातो. हाताच्या व्यायामासोबत खोल श्वासाचा व्यायाम मागून घ्या.

प्रत्येक धाप मात्र स्नायूंची नसते, आणि हे न ओळखता व्यायाम करत बसलो तर जिवावर बेतू शकते. केमोत रक्त कमी झाले तरी धाप लागते. फुफ्फुसाभोवती पाणी साचले तरी लागते. पायाच्या शिरेतली रक्ताची गाठ फुफ्फुसात गेली तर अचानक लागते, आणि तिच्या आधी कधी कधी एकच पाय सुजून दुखतो. बसल्या जागी धाप, ओठ निळे, थुंकीत रक्त, छातीत कळ, चेहरा आणि मान सुजणे, केमोच्या दिवसांत ताप, यांतले काहीही दिसले तर यंत्र बाजूला ठेवून १०८ ला फोन करायचा. फुफ्फुसाबाहेर हवा साचण्याचा त्रास होऊन गेला असेल, फासळीत किंवा मणक्यात कॅन्सर उतरला असेल, हृदयाचा त्रास असेल, कानाचा पडदा फाटला असेल किंवा रक्तातल्या पेशी फार कमी झाल्या असतील, तर भाराचा व्यायाम डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नये.

ओट्यावर एका उपासिकेने विचारले, "मग आपण आनापान करतो, त्याने होत नाही का हे?" प्रश्न चांगला होता. कसारा घाट चढला की इगतपुरीला धम्मगिरी आहे, आपल्यातले अनेक जण तिथे शिबिर करून आलेत, आणि तिथे पहिले शिकवतात ते आनापान. पण आनापानात श्वास बदलायचा नसतो. जसा येतो तसा पाहायचा. स्नायूंच्या व्यायामात नेमके उलटे, श्वास मुद्दाम खोल घ्यायचा, भाराविरुद्ध ओढायचा. एकाने दुसऱ्याचे काम होत नाही. तरी धाप लागलेल्या माणसाला आनापानाचा आधार आहे. धाप लागली की भीती वाटते, भीती वाटली की श्वास आणखी उथळ आणि भराभर होतो. अशा वेळी पुढे वाकून कोपर मांडीवर टेकवून बसावे, कोणीतरी तोंडावर हातपंख्याने वारा घालावा आणि लक्ष बाहेर जाणाऱ्या श्वासावर ठेवावे. चेहऱ्यावरच्या गार वाऱ्याने धाप कमी वाटते, हे तपासून पाहिलेले आहे. पण यांतल्या कशानेही गाठ विरघळत नाही. श्वासाच्या क्रियांनी कॅन्सर बरा करतो म्हणून पैसे घेणारे आपल्या भागातही फिरतात. त्यांच्या नादाने केमोची तारीख चुकवू नका.

बिडी तर सोडायचीच. ऑपरेशनच्या निदान चार आठवडे आधी सोडली तर नंतरचे त्रास कमी होतात. जमत नसेल तर १८०० ११ २३५६ हा तंबाखू सोडवण्यासाठीचा मोफत क्रमांक आहे. चुलीचा धूर होतो त्या खोलीत रुग्णाची खाट नको. आणि मांस घडायला खाणे लागते. केमोत तोंडाला चव नसते, म्हणून ताट भरून देण्याऐवजी दर दोन-अडीच तासांनी थोडे थोडे द्यावे. उकडलेले अंडे, वरण, सुकटीचे कालवण, शेंगदाणे, नागलीची पेज. सुकट जमते का, तिखट सोसते का, हे रुग्णालाच विचारा. पथ्य म्हणून अंडी-मासळी बंद करणारे नातेवाईक पुष्कळ असतात, डॉक्टरांनी सांगितले नसेल तर त्यांचे ऐकू नका.

काकांचे ऑपरेशन ठरल्या तारखेला झाले. त्याआधी आम्ही त्यांना घेऊन फिजिओथेरपीच्या विभागात गेलो, तिथल्या मुलीने मराठीत नीट शिकवले, आणि उरलेले दिवस काका रोज ओट्यावर बसून गोळी वर धरून दाखवायचे, पोरे मोठ्याने आकडे मोजायची. ऑपरेशननंतर त्यांना न्यूमोनिया झाला नाही. तो व्यायामानेच टळला की आणखी कशाने, हे एका माणसावरून सांगता येत नाही. खाणे अजून थोडे थोडेच जाते, वजन भरायचे आहे, पुढची केमो बाकी आहे. पण विहारापर्यंत येतात.

मागच्या महिन्यात शेजारचा एक मुलगा त्यांच्याकडे यंत्र मागायला आला. त्याला तीन आठवडे खोकला, म्हणाला, छाती मोकळी होईल. काकांनी दिले नाही. म्हणाले, "एकाच्या तोंडातलं दुसऱ्याच्या तोंडात घालायचं नसतं, बाबा. आणि तुला ह्याची नाय, थुकी तपासायची गरज हाय." दोन आठवड्यांच्या वर खोकला असेल तर टीबीची तपासणी करायची, ती सरकारी दवाखान्यात फुकट होते, हेही त्यांनीच त्याला सांगितले. दुसऱ्या दिवशी काका स्वतः त्याला घेऊन आरोग्य केंद्रात गेले.